राखेखालची लाल माती

काळ्या मातीत वस्तू जागेवर राहत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. एप्रिल सरता सरता वावरं भेगाळतात; काही भेगांत हात खांद्यापर्यंत जातो. ढेकूळ, खापराचा तुकडा, पोराच्या हातून सुटलेली गोटी, पऱ्हाटीची वाळकी काडी, जे काही काठावर असेल ते आत पडतं. मृगाच्या सरी आल्या की माती फुगते, भेग मिटते आणि पडलेलं तिथंच गाडलं जातं. उलट खालचे गोटे वर्षावर्षाला थोडे वर सरकतात, म्हणून तर वावरातले गोटे वेचायचं काम कोणत्याच पिढीत संपलेलं नाही. नांगर फिरला नाही तरी ही माती स्वतःला खालीवर करतच असते.

कापसाला ती मानवते. पुरातत्त्वाचं मात्र तिच्याशी जमत नाही, कारण त्या शास्त्राचा पहिला पाठच असा की खालचा थर जुना आणि वरचा नवा. काल पडलेली गोटी दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराशेजारी जाऊन बसत असेल, तर त्या दोघांच्या शेजाराला काही अर्थ उरत नाही. म्हणून फार जुना माणूस कसा वागत होता हे ज्यांना शोधायचं असतं, त्यांची पावलं गुहेकडे वळतात. गुहेत नांगर चालत नाही, पावसाचा थेट मार बसत नाही. वाऱ्यानं आलेली धूळ, छतातून गळलेले खडे, वटवाघळांची लेंडी आणि मधूनमधून मुक्कामाला आलेल्या माणसांची राख नि उष्टी हाडं एकावर एक साचत जातात. भीमबेटक्याच्या एका निवाऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी 1970च्या दशकात खोदलं, तेव्हा चार मीटरच्या आतबाहेर जाडीच्या साठ्यात त्यांना हातकुऱ्हाडीच्या काळापासून बारीक गारगोट्यांच्या पात्यांच्या काळापर्यंतची हत्यारं क्रमानं मिळाली. हजारो पिढ्यांचं येणं-जाणं तेवढ्या मातीत मावलेलं.

आमच्याकडे अशा गुहा विरळ. जिल्ह्याचा बराचसा भाग लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा. या दगडात आपल्या महाराष्ट्रात माणसानं खोदलेली लेणी भरपूर, निसर्गानं पोखरलेल्या खोल गुहा थोड्या. लेणीही भिक्षूंनी झाडूनपुसून वापरलेली, त्यामुळे थर साचायला वाव कमी. वणी-मुकुटबनकडे चुनखडक आहे आणि चुनखडकात हाडं चांगली टिकतात. आंध्रातल्या कर्नूलच्या गुहा अशाच खडकातल्या. पण आमचा चुनखडक चुन्याच्या भट्ट्यांकडे आणि सिमेंटकडे जातो. कोकणात, कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागानं अलीकडे खोदकाम केलं आणि दगडी हत्यारं मिळवली. कातळशिल्पं कोरणाऱ्या माणसांचा माग तिथं लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. विदर्भातल्या माणसाला थर पाहायचे तर त्यानं पांढरीकडे जावं.

गाव ज्या जमिनीवर वसतं ती पांढरी, पिकतं ती काळी. शेकडो वर्षं एकाच जागी लोक राहिले की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, गुरांची हाडं असं सगळं साचून टेकाड होतं. बाभुळगाव तालुक्यात पाचखेडला गावाबाहेर असं टेकाड आहे. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागानं 2023-24 मध्ये डॉ. प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन केलं. माणसांच्या वस्तीचा साठा निघाला 8.73 मीटर. सगळ्यांत खाली सुमारे 3000 वर्षांपूर्वीचं लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, मग मध्ययुग, आणि सर्वांत वर निजामाच्या काळातला टेहळणीचा वापर. खालच्या थरात एका गोल घराची चुना घातलेली जमीन मिळाली. घरात चूल होती. मातीची भांडी, लोखंडी वस्तू, मौल्यवान दगडांचे मणी, हाडाच्या वस्तू मिळाल्या. कालमापनासाठी नमुने दिल्लीच्या प्रयोगशाळेत गेले.

बातमीत लोखंडाला आणि मण्यांना मोठी जागा मिळाली. माझं मन अडकलं चुलीत. मणी दूरदेशाहून आलेला असू शकतो, एका हातातून दुसऱ्या हातात फिरलेला असू शकतो. लोखंडाचा तुकडा भेगेतून खाली घसरलेला असू शकतो. चूल घसरत नाही. जिथं पेटली तिथंच असते.

चुलीकडे कसं पाहायचं हे मी एका म्हातारीकडून शिकलो. ओढ्याच्या पुरानं एका जुन्या गावठाणाचा कडा कापून काढला होता, आणि गावातले दोघे-तिघे मला तो दाखवायला घेऊन गेले होते. ती आजी शेळ्या घेऊन मागोमाग आली. कड्यात साधारण छातीच्या उंचीवर बोटभर जाडीचा करडा पट्टा होता. थोडं पुढं, कोपराएवढ्या अंतरावर, तसाच दुसरा. दोन्हीकडे राख. मी पहिल्यापाशी थांबलो तशी ती म्हणाली, ‘‘भाऊ, थे फेकेल राख हाय. चूल अठी व्हती, पाहा.’’ आणि दुसऱ्या पट्ट्यावर काठी टेकवली. तिथं करड्या राखेखाली दोन बोटं माती विटकरी लाल झालेली होती, कडक, तुकडा पाडला तर ठिकरी उडावी अशी. पहिल्या पट्ट्याखालची माती तशीच भुरी. ‘‘राख फेकली तं खालची माती भाजते का?’’ तिनं विचारलं आणि शेळ्यांमागे निघून गेली.

सगळं शास्त्र त्या प्रश्नात होतं. राख दिसली म्हणजे तिथं विस्तव होता असं नाही. राख वाऱ्यानं येते, पाण्यानं येते, टोपलीतून येते. विस्तव तिथंच पेटला होता याची साक्ष खालची माती देते. आणि जिथं राख आणून टाकली, तिथंही माणसाचं एक वागणं नोंदलेलं असतंच: कोणीतरी रोज चूल लोटत होतं आणि राख टाकायची जागा ठरलेली होती.

जगातल्या मोठमोठ्या गुहांमध्ये विद्वानांना याच प्रश्नाशी झुंजावं लागलं आहे. बीजिंगजवळच्या झोउकोउदियनच्या गुहेत 1920 आणि 1930च्या दशकांत प्राचीन मानवाचे अवशेष मिळाले, आणि त्यांच्यासोबत काळपट थरांचे जाड पट्टे. विस्तवाचा पहिला धनी म्हणून ‘पेकिंग मानव’ अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत बसला. शेकोटीभोवती बसलेलं केसाळ कुटुंब, त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला तांबडा उजेड, ही चित्रं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. 1998 मध्ये स्टीव्ह वाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या थरांची रासायनिक तपासणी केली, तर त्यांत लाकडाच्या राखेची खूणच सापडेना. पाण्यानं वाहून आणलेला बारीक गाळ आणि कुजलेलं सेंद्रिय द्रव्य, एवढंच होतं ते. काही हाडं खरोखर जळलेली होती, त्यामुळे वाद मिटला नाही, अजूनही चालू आहे. पण जाडजूड ‘राखेचा’ पुरावा गेला.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतली वंडरवर्क गुहा. तिथं डोळ्यांना दिसावा असा राखेचा ढीग नव्हता. संशोधकांनी थराचा वीटभर ठोकळा न हलवता जसाच्या तसा कापून काढला, त्यात राळ जिरवून दगडासारखा घट्ट केला, मग त्याचा केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या कापात गवता-पाल्याची राख दिसली, नाजूक, कोपरे न झिजलेली. वाऱ्यापाण्यानं आणली असती तर ती अशी राहिली नसती. सोबत जळक्या हाडांचे कण. हे सगळं गुहेच्या तोंडापासून सुमारे तीस मीटर आत. वीज पडून किंवा वणव्यानं तिथवर विस्तव पोचत नाही. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या थराचं वय सुमारे दहा लाख वर्षं. विस्तव आत कोणीतरी नेला होता.

मला या दोन गुहांची गोष्ट एकत्र सांगावीशी वाटते, कारण एकीत मोठा पुरावा विरघळला आणि दुसरीत धुळीएवढा पुरावा उभा राहिला. आपल्याला मोठं, ठसठशीत काहीतरी हवं असतं. थरांना आपल्या हवं-नकोशी देणंघेणं नसतं.

आणि गुहेत माणूस एकटा कधीच नसतो. टिपेश्वरच्या बाजूच्या रानात चितळाचं गळून पडलेलं शिंग मी पाहिलं आहे, त्यावर शेजारी शेजारी रुंद, सपाट चर पडलेले होते, कोणी सुताराच्या पटाशीनं काढावेत इतके नेटके. ते काम सायाळीचं. दात झिजवायला आणि हाडातला चुना मिळवायला सायाळ हाडं-शिंगं कुरतडते आणि बिळात, कपारीत नेऊन साठवते. दहा हजार वर्षांनी ते शिंग एखाद्या गुहेच्या थरात दगडी पात्याशेजारी सापडलं तर? तरस हाडं फोडतं आणि त्याच्या दातांनी टोकदार झालेल्या ढलप्या हत्यारासारख्या दिसतात. घुबड उंदीर गिळून केसाहाडांची गोळी ओकून टाकतं, आणि कपारीखाली उंदरांच्या हाडांचा खच पडतो. तो पाहून ‘इथले लोक उंदीर खात’ असा निष्कर्ष काढणं किती सोपं आहे. तरस, सायाळ, घुबड, वटवाघूळ, सगळी मंडळी आमच्या झुडपी जंगलात आजही नांदतात. एखाद्या फासेपारध्याला किंवा कोलाम गड्याला हाड दाखवलं तर कोणी खाल्लं हे तो बहुधा एका नजरेत सांगेल. प्रयोगशाळांनी ही नजर कमवायला शंभर वर्षं घेतली.

सी. के. ब्रेन या दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकानं ती नजर धीरानं कमावली. त्यांच्या आधी रेमंड डार्ट यांनी गुहांतल्या मोडक्या हाडांवरून असं मांडलं होतं की आपले पूर्वज हाडांची गदा नि शिंगांची सुरी करून एकमेकांना आणि जनावरांना मारत होते, हिंसा आपल्या रक्तातच आहे. पटकन पटणारी कल्पना, दोन महायुद्धं पाहिलेल्या जगाला तर फारच. ब्रेन यांनी आजची जनावरं हाडं कशी खातात, कोणती टाकून देतात, कोणती उरतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मग स्वार्टक्रान्सच्या गुहेत मिळालेली एका मुलाची कवटी घेतली. तिला मागच्या बाजूला दोन भोकं होती. त्या दोन भोकांतलं अंतर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांच्या अंतराशी जुळलं. गुहेच्या तोंडाशी उगवलेल्या झाडावर बिबट्या शिकार ओढून नेत असे आणि हाडं खाली भेगेत पडत. आपले पूर्वज तिथं राहायला गेलेलेच नव्हते. त्यांना ओढून नेलं होतं.

हे वाचताना यवतमाळच्या माणसाला 2016 ते 2018ची वर्षं आठवल्याशिवाय राहत नाहीत. राळेगाव, पांढरकवडा, कळंबच्या शिवारांत माणसं मरत होती. टी-वन वाघिणीचं, जिला बाहेरचे लोक अवनी म्हणत, नाव तेरा मृत्यूंशी जोडलं गेलं. कापूस वेचायला जायचं तर घोळक्यानं, गुरं चारायला जायचं तर डोक्यामागे मुखवटा बांधून, आणि सूर्य कलायच्या आत घरी. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. पण कोणत्या माणसाला याच वाघिणीनं मारलं आणि कोणत्या नाही, यावर वाद झाले, प्रकरण उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पावलांचे ठसे होते, कॅमेऱ्यांतली छायाचित्रं होती, जखमांतून घेतलेल्या लाळेची तपासणी होती, जिवंत साक्षीदार होते, आणि तरीही एकमत झालं नाही.

माझ्या मनात ही गोष्ट कायमची बसली आहे. डोळ्यांदेखत घडलेल्या घटनांची एवढी साधनं हाताशी असताना जर इतका मतभेद होत असेल, तर दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या मृत्यूबद्दल ब्रेन इतक्या खात्रीनं बोलू शकले ते कशाच्या जोरावर? सुळ्यांचं अंतर मोजून. त्यांनी तेवढंच विधान केलं जेवढं ती दोन भोकं पेलू शकत होती. आणि त्या मुलाच्या आईला काय वाटलं असेल हे त्यांनी लिहिलं नाही. ते राळेगावच्या शिवारातल्या कोणत्याही घरात विचारता आलं असतं.

माणूस काय करत होता आणि का करत होता, या दोन प्रश्नांत मोठं अंतर आहे. आपल्या महाराष्ट्रात इनामगावइतकं ते कुठं स्पष्ट दिसत असेल असं मला वाटत नाही. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी खोदलं. दोनशेहून अधिक दफनं मिळाली. लहान मुलं दोन रांजणांत, रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेली. मोठ्या माणसांचे पाय अनेकदा घोट्याच्या खालून तोडलेले. एकदोन ठिकाणी असं दिसलं असतं तर रोग म्हणता आलं असतं, शिक्षा म्हणता आलं असतं. पण थरामागून थर, घरामागून घर तेच दिसतं, म्हणून ती रीत होती हे ठामपणे म्हणता येतं. रीत का होती? मेलेला माणूस उठून दूर जाऊ नये, आपल्यातच राहावा म्हणून, असं अभ्यासकांनी सुचवलं. मला ते पटतं. पटतं म्हणजे सिद्ध होतं असं नाही, एवढं भान ठेवून पटतं. मूल घराबाहेर न नेता घराच्याच जमिनीखाली ठेवलं, याचं कारण मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज वाटत नाही.

इराकच्या कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत हेच अंतर एकदा फार घाईनं ओलांडलं गेलं. राल्फ सोलेकी यांना 1960 मध्ये तिथं एका निअँडरथल माणसाचा सांगाडा मिळाला. भोवतीच्या मातीत फुलांचे परागकण पुंजक्यांनी सापडले. मेलेल्या सोयऱ्याला फुलांवर निजवलं होतं, अशी गोष्ट जगभर गेली. काळ साठच्या दशकाचा, फुलं हातात घेतलेल्या तरुण पोरांचा, आणि सोलेकींच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातही तो काळ डोकावतो. पुढं अभ्यासकांनी दाखवलं की बिळं करणारे उंदरासारखे प्राणी फुलं साठवतात, त्यांची बिळं तिथं होती. अलीकडे बिळांत राहणाऱ्या मधमाश्यांचंही नाव पुढं आलं. फुलांची गोष्ट डळमळली.

त्याच गुहेतल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट मात्र कोणाला हलवता आली नाही. त्याचा उजवा हात कोपरापाशी गेलेला, चेहऱ्यावर डाव्या बाजूला जबर मार, त्या डोळ्याची दृष्टी बहुधा गेलेली, पायानं अधू. या सगळ्या जखमा भरलेल्या होत्या. हाडं अशी भरून यायला बराच काळ जावा लागतो. म्हणजे इजा झाल्यावर तो दीर्घ काळ जगला, आणि त्या जगात एकहाती, लंगडा, अर्धा आंधळा माणूस एकटा जगू शकत नाही. फुलांपेक्षा मला या भरलेल्या हाडात जास्त माया दिसते, आणि ती माया मी कल्पनेनं घातलेली नाही.

खुणा पाडणारे हातही नेहमी माणसाचेच नसतात. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांनी 1970च्या दशकात उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळवला. होय, शहामृग, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग फिरत होते. त्या तुकड्यावर दोन समांतर रेषांमध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली आहे. भारतात अन्यत्र मिळालेल्या अशा अनेक ‘कोरीव’ कवचांवरच्या रेघा पुढं झाडांच्या मुळांनी खाल्लेल्या निघाल्या. मुळातून पाझरणारं आम्ल चुन्याचं कवच खातं आणि नक्षी उमटते. पाटण्याची जाळी मात्र तपासणीत टिकली. ती माणसाच्या हातची आहे. कोणीतरी बसून, कवच फुटणार नाही इतक्या हलक्या हातानं, गारगोटीच्या टोकानं ती ओढली. कशासाठी, हे विचारायचा मोह मी टाळतो. ओढली, एवढंच मला पुष्कळ आहे.

मला सगळ्यांत जवळचा वाटणारा थर दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुदूचा आहे. तिथल्या निवाऱ्यात 77 हजार वर्षांपूर्वीची अंथरुणं मिळाली, लव्हाळ्याची, आणि वर एका झाडाच्या पाल्याचा थर. त्या पाल्यात डास-किड्यांना पळवणारी द्रव्यं आहेत. पुढच्या काळात लोक जुनं अंथरूण जाळून टाकत आणि त्यावर नवं घालत, हेही थरांत दिसतं. त्याच देशातल्या बॉर्डर केव्हमध्ये तर दोन लाख वर्षांपूर्वी गवताची अंथरुणं राखेवर घातलेली आढळली. राख अंगावर चढणाऱ्या किड्यांना रोखते. हे वाचून मी उठलो आणि आमच्या ज्वारीच्या कोठीचं झाकण उघडलं. निंबाचा पाला होता. मुगाच्या डब्यात आईच्या काळापासून राख असते. दोन लाख वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात देव होता का, त्याला भाषा कितपत येत होती, तो चंद्राकडे पाहून काय म्हणत होता, यातलं काहीही मला थरांवरून कळत नाही. पण त्याला रात्री किडे चावत होते, आणि त्यावरचा इलाज त्यानं शोधला, शिकवला आणि पिढ्यान् पिढ्या चालवला, हे कळतं. रोजच्या, परत परत केलेल्या कामांचा माग थरांत खोल उमटतो. एकदाच केलेल्या मोठ्या गोष्टीचा नाही. प्रागैतिहासिक माणसाला आपण खरोखर ओळखू शकतो तो त्याच्या झाडलोटीतून, चुलीतून, अंथरुणातून. ज्या कामांची आपल्या घरांतही कोणी नोंद ठेवत नाही, त्याच कामांतून.

आणि ही ओळख प्रत्येक पिढीला नव्यानं तपासावी लागते, म्हणून शहाणा उत्खनक सगळं कधीच खोदत नाही. इंडोनेशियातल्या लियांग बुआ गुहेत बुटक्या मानवाची हाडं 2003 मध्ये मिळाली, तेव्हा ती 18 हजार वर्षांपूर्वीची ठरवली गेली. पुढं आणखी खोदल्यावर दिसलं की जुना थर कधीकाळी झिजून उतरता झाला होता आणि नवी माती त्याला टेकून साचली होती. शेजारचा कोळसा त्या हाडांचा सोबती नव्हताच. 2016 मध्ये वय सुधारलं, हाडं किमान 60 हजार वर्षांपूर्वीची निघाली. गुहेत शिल्लक माती होती म्हणून हे कळलं. शानिदारलाही ग्रॅम बार्कर यांचा चमू सोलेकींच्या जुन्या चराच्या न खोदलेल्या कडेपाशी परत गेला आणि 2018 मध्ये, फुलांच्या त्या वादग्रस्त दफनाच्या अगदी शेजारी, त्यांना आणखी एक सांगाडा मिळाला, आजची सगळी साधनं लावून तपासता येईल असा. सोलेकींनी 1960 मध्ये तो कोपराही उकरला असता तर पेटीभर हाडांपलीकडे काही उरलं नसतं.

आमच्या जिल्ह्यातल्या पांढऱ्या मात्र अशा कोणी राखून ठेवलेल्या नाहीत. पांढरी माती घराच्या भिंतींना चांगली, वावरात टाकायला चांगली, म्हणून गाडीगाडीनं गेली. आता जेसीबी येतो. रस्ता रुंद करायचा असतो, तळं खोदायचं असतं, घरकुलाला भर हवी असते. या गरजा खऱ्या आहेत आणि लोकांना त्यांपासून अडवावं असं मी म्हणणार नाही. पण बादलीच्या एका फेऱ्यात हजार वर्षांची राख ट्रॉलीत जाते, आणि तिच्याखालची लाल माती कोणी पाहिलेली नसते. पाचखेडचं टेकाड नागपूरच्या विद्यापीठानं गाठलं. वर्धा आणि पैनगंगेच्या काठांवर अशी टेकाडं आणखी आहेत, त्यांच्यापर्यंत विद्यापीठ पोचायला काळ लागेल. तोवर गावानं एवढं करावं. कडा कापला गेला की त्याला हात न लावता मोजपट्टी ठेवून दिवसाउजेडी फोटो काढावा, गावाचं नाव आणि तारीख लिहावी, खापरं घरी नेऊ नयेत, तहसीलला आणि विद्यापीठाच्या विभागाला कळवावं. आणि कामापुरती माती उचलून झाल्यावर उरलेलं टेकाड तसंच राहू द्यावं, आपल्याहून चांगली साधनं घेऊन येणाऱ्यांसाठी.